स्वस्त घड्याळाला नावं ठेवण्याआधी

प्रवासात हातावर बांधायला हजार-दीड हजाराचं चावीचं घड्याळ घ्यावं का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं. “कशाला? मोबाईल आहे ना! अगदीच हवं असेल तर सेलवरचं घे, पाचशेत मिळतं. चावीचं घ्यायची हौस असेल तर पैसे साठव आणि स्विस घे. हे स्वस्तातलं चावीचं म्हणजे पैसे पाण्यात.” हुबळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी हे ऐकलंय, धारवाडच्या लग्नघरात ऐकलंय, आणि घड्याळाच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाकडूनही ऐकलंय. हे मत आता इतकं अंगवळणी पडलंय की ते एकदा तपासून बघावं असंही कुणाला वाटत नाही. माझ्या मते ते चूक आहे, आणि त्यातून नुकसान होतंय. कुणाचं, ते पुढे सांगतो.

आधी या मताची बाजू त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. खिशातला मोबाईल सेकंदाचीही चूक न करता वेळ दाखवतो, मग हातावर ओझं कशाला? सेलवरचं साधं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं, तर चावीचं घड्याळ तेवढं एका दिवसात होतं. रोज चावी द्यावी लागते. पाण्याला जपावं लागतं, धक्क्याला जपावं लागतं. बाजारातली निम्मी जुनी घड्याळं रंगरंगोटी केलेली असतात. आणि कळस म्हणजे एकदा सर्व्हिसिंगला टाकलं की घड्याळाच्या किमतीच्या निम्मे पैसे तिथेच जातात. एवढं सगळं सोसून मिळतं काय? तर वेळ, जी फुकट मिळते.

ऐकायला बिनतोड वाटतं. आता एकेक मुद्दा घेऊ.

पण त्याआधी मी कुठल्या घड्याळाची वकिली करतोय ते स्पष्ट असू दे, कारण स्वस्त माल सगळा एका जातीचा नसतो. सोनेरी मुलामा दिलेली, डायलमधून चाकं फिरताना दिसणारी, कंपनीचा पत्ता नसलेली ऑटोमॅटिक घड्याळं हल्ली ढिगाने मिळतात. ती बंद पडली की सुटे भाग मिळत नाहीत, आणि कारागीर ती हातात घ्यायला नाखूश असतो. ती घेऊ नका. मी बोलतोय ते एचएमटीच्या जातीच्या घड्याळाबद्दल: हाताने चावी द्यायचं, सतरा ज्वेलचं, साधं पोलादी घड्याळ. जनता, पायलट, असली. कारखाने बंद झाले तरी ही घड्याळं आपल्या भागात अजून घरोघरी कपाटात पडून आहेत आणि बाजारातही हजार-दीड हजाराच्या आतबाहेर मिळतात. माझी कसोटी एकच आहे. हुबळीतल्या किंवा धारवाडातल्या साध्या कारागिराला ते उघडून, धुऊन, पुन्हा चालू करता येतं का? येत असेल तर ते घ्यावं, किंमत कितीही कमी असो. येत नसेल तर घेऊ नये, किंमत कितीही जास्त असो. स्वस्त घड्याळावरचा प्रत्येक आक्षेप या कसोटीवर घासून बघा, तो टिकत नाही.

मोबाईलचा मुद्दा आधी निकालात काढू. हुबळीहून वास्कोला निघालात की लोंढा गेल्यावर आणि कॅसलरॉकच्या पुढे घाटात मोबाईलची रेंज येतजात राहते. रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी भराभर उतरते, हा अनुभव त्या मार्गाने गेलेल्या प्रत्येकाला आहे. प्रवासात फोन म्हणजे तिकीट, पैसे, नकाशा, घरच्यांशी संपर्क, सगळं काही. मग त्याची उरलेली बॅटरी वेळ बघण्यात का घालवायची? आणि जनरलच्या डब्यात, एका हाताने वरची कडी धरून उभं असताना, दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढून वेळ बघणं किती शहाणपणाचं आहे? फोन एकदा बाहेर आला की वेळ बघून परत आत जातो तरी का? वेळ बघायला काढलेला फोन निरोप बघण्यात दहा मिनिटं खातो. हातावरचं घड्याळ एका नजरेत काम करतं आणि तिथेच राहतं.

अचूकतेचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो आकड्यांवर उभा आहे. म्हणून आकड्यांनीच उत्तर देतो. एचएमटीचं हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. एवढं करून ते दिवसाला अर्धा मिनिट पुढेमागे झालं, तर २,८८० सेकंदांमागे एका सेकंदाची चूक झाली. अठ्ठेचाळीस मिनिटांत एक सेकंद! बॅटरी नाही, सर्किट नाही, मनगटाएवढ्या जागेत एक स्प्रिंग, थोडी चाकं आणि केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग, आणि चूक एवढीच. याला अचूक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? स्फटिकाचं, म्हणजे सेलवरचं, घड्याळ याहून अचूक असतं हे खरंच आहे. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्याशी कुठलीच स्प्रिंग स्पर्धा करू शकत नाही. पण प्रश्न स्पर्धेचा नाहीच. प्रवाशाला कशासाठी वेळ हवी असते? गाडी सुटायला किती वेळ आहे, चहाला उतरावं का, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचू का. या प्रश्नांचं उत्तर मिनिटांत असतं. सकाळी चावी देताना स्टेशनच्या घड्याळावर नजर टाकून काटा जुळवला की दिवसभराची अर्ध्या मिनिटाची चूक तिथेच मिटते. कुणाची गाडी अर्ध्या मिनिटाने चुकली, तर दोष घड्याळाचा नसतो, घरातून उशिरा निघण्याचा असतो.

आणि सेकंदासेकंदाचा आग्रह धरणाऱ्यांना मला एक विचारायचंय. आपण ज्या वेळेला खरी वेळ म्हणतो ती ठरवलेली वेळ आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली जाते. हुबळी साधारण ७५ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्या डोक्यावरचा सूर्य आपल्या घड्याळापेक्षा जवळजवळ अर्धा तास मागे असतो. मुंबईत तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालू होती. सोयीसाठी अर्ध्या तासाचा फरक आपण बिनतक्रार मान्य केला, त्यात काही वावगंही नाही. मग कुणावर अवलंबून नसलेल्या एका स्प्रिंगला अर्ध्या मिनिटाची सवलत द्यायला जीव का जावा?

याच भागातली रेल्वे कुठल्या घड्याळांवर चालली, हेही आठवावं. सदर्न मराठा रेल्वे १८८२ साली स्थापन झाली, तिचं मुख्य कार्यालय धारवाडात होतं. एकेरी मार्ग, घाट, समोरून येणारी गाडी, आणि स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर यांच्याजवळ चावीची घड्याळं. स्फटिकाची घड्याळं बाजारात येण्याआधीची कितीतरी दशकं हा सगळा कारभार स्प्रिंगवर चालला. ज्या यंत्रावर माणसांचे जीव सोपवले गेले, ते आज आपल्या सहलीला चालत नाही?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. माझा खरा राग यांच्यावर आहे. मोबाईलवाल्यांना घड्याळाचं काही पडलेलं नसतं, त्यांना मी समजू शकतो. पण हे घड्याळाचे दर्दी. यांना चावीच्या घड्याळाचं प्रेम आहे, फक्त स्वस्ताचं नाही. यांच्या मते यांत्रिक घड्याळ ही श्रीमंती कला आहे. पन्नास हजार खर्चायची तयारी नसेल तर माणसाने सेलवरचं बांधावं आणि गप्प बसावं. हजार रुपयांच्या जनतेला हे घड्याळ मानतच नाहीत.

यांना घड्याळाचा इतिहास माहीत नाही. १८६७ साली जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ या स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन कारागिराने वीस फ्रँकांचं घड्याळ बाजारात आणलं आणि त्याला कामगाराचं घड्याळ असं नाव दिलं. हेतू सरळ होता: मजुराला परवडेल असं चांगलं घड्याळ. त्यासाठी त्याने भाग कमी केले, महागडी ज्वेल काढून पोलादी खिळ्यांचा पॅलेट वापरला. त्या काळच्या प्रतिष्ठित स्विस कारागिरांनी नाकं मुरडली. पॅरिसच्या प्रदर्शनात मात्र त्याला पदक मिळालं, आणि पुढच्या शतकभरात त्या जातीची घड्याळं कोट्यवधींनी खपली. अमेरिकेत १८९६ साली इंगरसॉलने एका डॉलरचं घड्याळ काढलं. घड्याळ ही वस्तू सरदाराच्या खिशातून शेतमजुराच्या खिशात आली ती या स्वस्त यंत्रांमुळे. यांत्रिक घड्याळाचं सगळ्यात अवघड काम कुठलं? चंद्राच्या कला दाखवणं नव्हे. गरिबाला परवडेल अशा किमतीत नीट वेळ दाखवणं, हे ते अवघड काम. ज्यांनी ते साधलं त्यांना या धंद्यात खालची पायरी देणारे लोक घड्याळाची किंमत करतात की किमतीचं घड्याळ करतात?

आणि आपल्या एचएमटीने तर रॉस्कॉफच्याही पुढचं काम केलं. १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळाचा कारखाना काढला. त्याआधी देशात घड्याळ म्हणजे एक तर आयात केलेलं, नाहीतर चोरून आणलेलं. स्वस्त करायचं म्हणून इथे ज्वेल गाळली नाहीत. सतरा ज्वेल ठेवली, म्हणजे जिथे जिथे धातूवर धातू घासून झीज व्हायची तिथे माणिकाची बैठक दिली. बॅलन्सला धक्का बसू नये म्हणून पॅराशॉकची सोय दिली, आणि कितीतरी डायलांवर ते अभिमानाने छापलंही. भपका काढून टाकला, गाभा राखला. १९७८ मध्ये तुमकूरलाही कारखाना आला. त्या पिढीत दहावी पास झालेल्या मुलाला, नोकरीला लागलेल्या मुलीला, बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्या मुलाला एचएमटी मिळायचं, आणि ते मिळायला वाट बघावी लागायची. देवनागरीत ‘जनता’ असं छापलेल्या डायलची घड्याळं तेव्हाच निघाली. हे आपल्याच राज्यात, बंगळूर-तुमकूरला, आपल्याच माणसांच्या हातांनी जुळवलेलं यंत्र. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला म्हणून घड्याळं बंद पडली नाहीत. ती अजून चालतात, फक्त त्यांना चालवून घेणारा हवा.

उलट महाग आणि आधुनिक असूनही माझ्या कसोटीला न उतरणाऱ्या वस्तूही आहेत. २०१३ साली स्वॉच कंपनीने अवघ्या ५१ भागांचं, यंत्रमानवांनी जुळवलेलं ऑटोमॅटिक घड्याळ काढलं. तंत्रज्ञान म्हणून ते थक्क करणारं आहे. पण त्याची केस बंदिस्त असते, ते उघडून दुरुस्त करण्यासाठी केलेलंच नाही. बिघडलं की संपलं. त्याची किंमत जनतेच्या कित्येक पट. दोन्हींतलं टाकाऊ कुठलं, हे किमतीवरून ठरवायचं की आयुष्यावरून?

बनावट डायलच्या आक्षेपात तथ्य आहे. जुन्या मशीनवर नवं डायल छापून, झगझगीत निळा-हिरवा रंग देऊन, कंपनीने कधी काढलंच नाही असं ‘दुर्मिळ मॉडेल’ विकणारे आहेत. मुंबईच्या बाजारातून असा माल देशभर जातो. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? बनावट माल कुठल्या धंद्यात नाही? कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून चालत आलेलं, जेमतेम २१ ग्रॅमचं, सात वर्षं एका सेलवर चालणारं उत्तम घड्याळ. त्याच्याही नकला गल्लोगल्ली मिळतात. म्हणून कुणी कॅसिओ घेऊ नका म्हणत नाही. नकली माल ओळखायला शिकतो. इथेही तेच करायचं. घड्याळ विकणाऱ्याला सांगायचं, मागचं झाकण उघडून दाखवा. मशीनवर कंपनीचं नाव आहे का बघा. बॅलन्स मोकळेपणाने फिरतोय का, की अडखळतोय? गंज, पाण्याचे डाग आहेत का? डायलवरची अक्षरं जाड, फिसकटलेली आहेत का, काट्यांची चमक डायलच्या वयाशी जुळते का? उघडायला नकार देणाऱ्याकडून घ्यायचंच नाही. आणि इथेच यांत्रिक घड्याळ सरस ठरतं. त्याचं खरंखोटं डोळ्यांनी बघता येतं. सेलवरच्या घड्याळाचं झाकण उघडून तुम्हाला काय कळणार, कारखान्यात चिकटवलेली एक काळी चकती?

पाण्याचं म्हणाल तर दूधसागरच्या धबधब्याखाली किंवा गोकर्णच्या समुद्रात हे घड्याळ नेऊ नका, एवढं मान्य. धारवाडच्या पावसात बाहीखाली झाकलं की भागतं. लोहचुंबकाजवळ ठेवल्याने वेगात धावू लागलं तर कारागीर एका मिनिटात त्याचं चुंबकत्व काढून देतो.

राहिला सर्व्हिसिंगचा मुद्दा. सगळ्यांचा हुकमी एक्का. “घड्याळ हजाराचं आणि सर्व्हिसिंगला चारशे-पाचशे? त्यापेक्षा नवं घ्यावं.”

हे वाक्य हुबळीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे गाव दुरुस्तीवर वाढलेलं आहे. १८८५ सालापासून इथे रेल्वेचं वर्कशॉप आहे. आज दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय इथे आहे, १,५०७ मीटरचा जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म इथे आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या प्लॅटफॉर्मला लागणारे डबे ठरावीक काळाने वर्कशॉपमध्ये जातात. तिथे ते चाकांवरून उचलले जातात, उघडले जातात, झिजलेलं बदललं जातं, तेलपाणी होतं, रंग लागतो आणि डबा परत रुळावर येतो. या कामावर गावातल्या कितीतरी घरांच्या पिढ्या जगल्या, त्यात मराठी घरंही आली. कुठल्या डब्याबद्दल कुणी म्हणतं का, की याच्या ओव्हरहॉलला फार खर्च येतो, भंगारात काढा आणि दर चार वर्षांनी नवा आणा? यंत्राला देखभाल लागते म्हणजे यंत्र वाईट, हे या गावात कुणी कधी मानलं नाही. मग हातावरच्या यंत्रालाच तो न्याय का नाही?

हिशोबच करायचा तर पूर्ण करू. चांगलं सर्व्हिसिंग झालेलं चावीचं घड्याळ काही वर्षं निवांत चालतं. मग पुन्हा धुऊन घ्यायचं, पुन्हा काही वर्षं. असं करत वडिलांचं घड्याळ मुलाच्या हातावर येतं आणि चालत राहतं. स्वस्त सेलवरच्या घड्याळाचं काय होतं? सेल संपतो, तो बदलेपर्यंत घड्याळ खणात पडतं, जुना सेल आत पाझरतो, सर्किट खराब होतं. प्लास्टिकचं मशीन दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, म्हणून ते आख्खं बदलतात किंवा घड्याळच टाकून देतात. पुन्हा नवं. पुन्हा सेल. वीस वर्षांचा खर्च मांडा, आणि टाकून दिलेल्या घड्याळांचा ढीगही त्यात मोजा. तो ढीग आपल्याच गावाच्या कचऱ्यात जातो.

आणि सर्व्हिसिंगचे ते चारशे-पाचशे रुपये कुठे जातात, याचा विचार कुणी केला आहे का? हुबळीत दुर्गदबैलाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, धारवाडात सुभाष रोडच्या बाजूला अजून काही घड्याळ दुरुस्तीवाले तग धरून आहेत. हातभर रुंदीचं टेबल, काचेची पेटी, वर एक दिवा. तिथे बसून एकदा काम बघा. आधी घड्याळाची चावी उतरवतात, म्हणजे स्प्रिंगमधला ताण सोडून देतात. मग बॅलन्स हलकेच उचलून बाजूला ठेवतात, कारण तो गेला की सगळंच गेलं. मग पॅलेट, मग ब्रिज, मग एकामागून एक चाकं. सगळे भाग काचेच्या वाटीत पेट्रोलमध्ये. वाळलेलं, डिंकासारखं झालेलं जुनं तेल सुटून पेट्रोल पिवळं होतं. ज्वेलची भोकं टोकदार लाकडी काडीने साफ करायची. एकेका भोकात तेलाचा थेंब, तोही सुईच्या टोकावर मावेल एवढा. जास्त झाला तर पसरतो, कमी झाला तर मशीन सुकतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, श्वासही जपून, कारण फुंकरीने स्क्रू उडतो. सगळं उलट्या क्रमाने परत बसवलं, चावीला दोन पिळे दिले की बॅलन्स आपोआप हेलकावे घेऊ लागतो. हे काम शिकायला वर्षं लागतात. त्याचे पाचशे रुपये जास्त झाले?

अशाच एका टेबलापाशी मी एका बाईंना बघितलं होतं. वडिलांचं पायलट घेऊन आल्या होत्या. आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेल्या, तिथे त्यांना सांगितलं होतं की हे जुनं मशीन काढून सेलवरचं टाकून देतो, कटकट मिटेल. त्या म्हणाल्या, “मामा, खरंच बदलायला लागेल का हो?” म्हाताऱ्या कारागिराने झाकण उघडलं, भिंग लावलं, थोडा वेळ आत बघत राहिला. “बदलू नका, अक्का. मशीन एकदम चांगलं आहे. नुसतं वाळलंय. तेल पाहिजे त्याला.” शोरूममधल्या माणसाला ते घड्याळ उघडून बघावंसंही वाटलं नव्हतं. चांगलं मशीन काढून फेकायचा सल्ला त्याने दिला, कारण स्वस्त चावीचं घड्याळ म्हणजे कटकट, हे मत त्याच्याही डोक्यात पक्कं होतं.

नुकसान होतंय असं मी म्हटलं ते हे. ‘त्यापेक्षा नवं घ्या’ असं आपण दर वेळी म्हणतो तेव्हा त्या टेबलावरचं एक काम कमी होतं. कामं कमी झाली की कारागीर पोराला या धंद्यात घालत नाही, आणि का घालावं? मग तो गेल्यावर टेबल उचललं जातं आणि तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात. त्यानंतर स्विस घड्याळवाले दर्दीही आपलं महागडं घड्याळ बंगळूर-मुंबईच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवणार आणि महिनोन्‌महिने वाट बघणार. स्वस्त घड्याळांवर हात बसलेला कारागीरच पुढे महागड्या घड्याळाला हात लावू शकतो. पाया उखडून वरचा मजला शाबूत राहील असं मानणाऱ्यांना काय म्हणावं?

म्हणून प्रवासाला जाताना स्वस्त चावीचं घड्याळ घ्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम हो आहे, आणि त्यात ‘हरवलं तरी चालेल’ असा भाव अजिबात नाही. हरवलं तरी चालेल म्हणून घेतलेली वस्तू माणूस हरवतोच. हे घड्याळ हरवू नये म्हणून घ्या. घरातलं कपाट आधी शोधा. आजोबांचं, वडिलांचं, आत्याचं घड्याळ बहुधा तिथेच सापडेल आणि एक पैसा न देता तुम्हाला देशातलं उत्तम प्रवासी घड्याळ मिळेल. नसेल तर बाजारातून घ्या, पण झाकण उघडून, मशीन बघून, झगमगत्या डायलला न भुलता. घेतलं की थेट कारागिराकडे न्या आणि धुऊन घ्या, मग प्रवासाला निघा. सकाळी दात घासताना दहा-वीस पिळे चावी द्या. दुसऱ्या दिवशी विसरलात तरी ते दीड दिवस चालेल. कुठल्याही गावात, कुठल्याही चार्जरशिवाय, कुठल्याही रेंजशिवाय चालेल. बिघडलं तर पंढरपूर असो, मिरज असो, बेळगाव असो, बाजारपेठेत चौकशी केली की ते उघडणारा माणूस अजून भेटतो.

अजून भेटतो, हे महत्त्वाचं. दहा वर्षांनी भेटेलच असं नाही. ज्यांना हे घड्याळ घ्यायचंय त्यांनी ते आत्ता घ्यावं, ज्यांच्याकडे आहे त्यांनी या आठवड्यातच दुरुस्तीला टाकावं, आणि ज्यांना ते नकोच आहे त्यांनी निदान दुसऱ्याच्या चालत्या घड्याळातलं मशीन काढून फेकायचा सल्ला देणं थांबवावं.